शिक्षण परिषदेची पीपीटी पाच जणांनी मिळून गुगल स्लाइड्सवर कशी करायची

आमच्या केंद्राच्या (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) एका शिक्षण परिषदेच्या, म्हणजे सगळ्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीच्या, आदल्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे हे एवढं लांबलचक कशासाठी लिहितोय ते कळेल. पाच शाळा, पाच शिक्षक, प्रत्येकाच्या वाट्याला चार-चार स्लाइड. संध्याकाळी पहिली फाईल आली, नाव "परिषद पीपीटी". मग "परिषद पीपीटी अंतिम". मग "अंतिम दुरुस्त". मग एका मॅडमनी "अंतिम दुरुस्त २ हीच घ्या" अशी पाठवली आणि रात्री साडेअकराला एका सरांनी "सॉरी आधीच्या सगळ्या डिलीट करा" असं लिहून "प्रेझेंटेशन १" नावाची फाईल टाकली, ज्यात फक्त त्यांच्याच चार स्लाइड होत्या. सकाळी प्रोजेक्टरवर लागली ती तिसरी. गणित पेटीच्या स्लाइड तिच्यात नव्हत्याच, आणि त्या स्लाइडवर बोलणाऱ्या मॅडम हातात माईक घेऊन समोर उभ्या. त्या बिचाऱ्या तोंडी बोलल्या, चांगलंच बोलल्या, पण त्यांनी दोन रात्री बसून केलेलं काम कुणालाच दिसलं नाही.

तेव्हापासून आम्ही फाईल फिरवणं बंद केलं आणि गुगल स्लाइड्सवर आलो. केंद्रातले बरेच जण म्हणतात सर एकदा नीट लिहून द्या, फोनवर सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून हे. मी काही फार मोठा तंत्रस्नेही नाही, त्या नावाची प्रशिक्षणं मात्र तीन झालीत.

तशी ही सोय नवीन नाही, गुगलनी ऑनलाइन प्रेझेंटेशन २००७ सालीच आणलं होतं. आपल्याकडे अजून पीपीटी म्हटलं की पेन ड्राइव्ह आठवतो एवढंच. फरक काय तर पेन ड्राइव्ह किंवा व्हॉट्सॲपवरची फाईल म्हणजे प्रत्येकाकडे वेगळी प्रत, तुम्ही तुमच्या प्रतीत सुधारणा केली की माझी जुनी झाली. स्लाइड्समध्ये फाईल एकच असते, ती गुगलकडे असते आणि आपण सगळे तिच्यासमोर बसलेलो असतो. तुम्ही एक अक्षर टाइप केलं की तेवढाच बदल नेटवरून जातो आणि बाकीच्यांच्या स्क्रीनवर दिसतो, सगळी फाईल परत परत वर-खाली होत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या गच्चीवर जाऊन रेंज शोधणाऱ्यांचंही भागतं. एका वेळी १०० जण एका फाईलवर असू शकतात असं गुगल म्हणतं. आपण पाच. पाचातच एवढा गोंधळ होतो की शंभरचा विचार नको.

सुरुवात कोणी आणि कुठल्या आयडीने करायची

लॅपटॉपवर क्रोम उघडा, जीमेलला लॉगिन असा, आणि वर जिथे वेबसाईटचा पत्ता टाकतो तिथे इंग्रजीत स्लाइड्स डॉट न्यू एवढंच टाका, मध्ये स्पेस नको. कोरं प्रेझेंटेशन उघडतं. मोबाईलवर गुगल स्लाइड्सचं ॲप टाकून घ्या, खाली अधिकचं चिन्ह असतं ते दाबा. डाव्या कोपऱ्यात नाव द्या आणि नावात महिना टाकाच, "शिक्षण परिषद ऑगस्ट" असं, नाहीतर वर्षाअखेर गुगल ड्राइव्हमध्ये (आपल्या जीमेलबरोबर मिळणारं ऑनलाइन कपाट) दहा "शिक्षण परिषद" एका खाली एक दिसतात. सेव्हचं बटण शोधू नका, ते नाहीच, आपोआप सेव्ह होतं. आमच्या एका मुख्याध्यापक सरांना हे अजून पटत नाही, ते दर दोन मिनिटांनी कंट्रोल एस मारतात, मारू द्या, काही बिघडत नाही.

आता आयडीचा प्रश्न, याकडे कोणी लक्ष देत नाही आणि पुढे पस्तावतात. ज्याच्या आयडीवरून फाईल बनवली तो मालक, फाईल त्याच्या ड्राइव्हमध्ये राहते आणि त्याच्याच १५ जीबीमधली जागा खाते. त्याने ती डिलीट केली तर कचऱ्यात ३० दिवस राहते आणि मग सगळ्यांसाठीच जाते, फक्त त्याच्यापुरती नाही. आणि आपल्याकडे बदल्या होतात. शिक्षक जातात दुसऱ्या तालुक्यात, वर्षभराच्या परिषदांच्या फाईली जातात त्यांच्याबरोबर. त्यामुळे एकतर केंद्राचा म्हणून एक जीमेल ठेवा (पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात ठेवू नका प्लीज), नाहीतर जाणाऱ्या शिक्षकांकडून मालकी घेऊन ठेवा. शेअरच्या खिडकीत ज्यांच्याकडे मालकी द्यायची त्यांच्या नावासमोरचा बाण दाबला की ट्रान्सफर ओनरशिप दिसतं, समोरच्याला मेल जातो, त्यांनी स्वीकारलं की झालं. निरोप समारंभाच्या आधी करा, शाल-श्रीफळ झाल्यावर कोणी फोन उचलत नाही.

शेअर करणे, इथेच सगळ्या चुका होतात

उजव्या कोपऱ्यात शेअर बटण आहे. ते दाबल्यावर दोन रस्ते आहेत. एक, प्रत्येकाचा जीमेल पत्ता टाकून त्यांना आत घेणे. दोन, खाली जनरल ॲक्सेस असतं तिथे "एनीवन विथ द लिंक" करून लिंक ग्रुपवर टाकणे. दुसरा सोपा म्हणून सगळे तोच धरतात. आणि समोरच्या बाणात तीन प्रकार असतात, व्ह्यूअर म्हणजे नुसता बघणारा, कमेंटर म्हणजे बाजूला शेरा लिहू शकणारा पण स्लाइडला हात न लावणारा, आणि एडिटर म्हणजे सगळं करू शकणारा. पहिल्या वेळी मी "लिंक असलेला कोणीही" आणि "एडिटर" असं केलं आणि लिंक केंद्राच्या मोठ्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्लाइड नंबर तीनवर गुलाबाचं फूल आणि "शुभ सकाळ". एका ज्येष्ठ गुरुजींनी लिंक उघडली, त्यांना वाटलं हा नवीन ग्रुप आहे. त्यांचा काय दोष, दार मीच उघडं ठेवलेलं.

तर नियम असा करा. काम करणारे जे चार-पाच आहेत त्यांचे जीमेल पत्ते टाकून त्यांनाच एडिटर करा. केंद्रप्रमुखांना कमेंटर करा, त्यांना सुचवायचं असतं, स्वतः टाइप करायचं नसतं. जनरल ॲक्सेस रिस्ट्रिक्टेडच (म्हणजे ज्यांचे पत्ते टाकले त्यांनाच) राहू द्या. मोठ्या ग्रुपवर टाकायचीच असेल तर लिंकवाल्यांना व्ह्यूअर ठेवा. आणि शेअरच्या खिडकीत वर एक चक्राचं चिन्ह असतं, तिथे "एडिटर्स परवानगी बदलू शकतात आणि शेअर करू शकतात" अशी टिक आधीपासूनच असते, ती काढा, नाहीतर तुम्ही पाच जणांना दिलेलं त्यांच्याकडून पुढे पन्नास जणांना जातं.

एक गंमत. लिंकवरून लॉगिन न करता कोणी आत आलं की वर त्यांच्या नावाऐवजी एखादा प्राणी दिसतो, अनामिक अमुक म्हणून. आमच्या एका मॅडमनी घाबरून फोन केला की सर फाईलमध्ये कोणीतरी कॅपीबारा घुसलाय, हॅक झालं का. हॅक नाही, कोणीतरी लॉगिन न करता बघतंय. पण प्राणी दिसला याचा अर्थ लिंक कुठेतरी मोकळी फिरतेय, तेवढं तपासून घ्या.

कामवाटप स्लाइडमध्येच

ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, पण सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला. पहिली स्लाइड शीर्षकाची न करता एक साधा तक्ता टाका, इन्सर्ट मध्ये टेबल आहे. चार रकाने: स्लाइड नंबर, विषय, कोण करणार, झालं का. म्हणजे ३ ते ६ निपुण भारत वाचन, अमुक मॅडम. ७ ते १० पायाभूत चाचणी निकाल, अमुक सर. ११ ते १४ गणित पेटी. आणि मग त्या स्लाइडवर डावीकडच्या पट्टीत राइट क्लिक करून स्किप स्लाइड करा. ती फाईलमध्ये राहते पण प्रेझेंटेशन चालू असताना दिसत नाही. लॅपटॉपवर डावीकडे कोण कुठल्या स्लाइडवर आहे ते रंगीत खुणेने दिसतंच, पण कोणाचं काय राहिलं ते या तक्त्यावरून कळतं, ग्रुपवर "मॅडम झालं का" विचारत बसावं लागत नाही.

दुसऱ्याच्या स्लाइडला हात लावायचा नाही हा एकच कडक नियम. चूक दिसली तरी कमेंट टाका. दोघं एकाच चौकटीत टाइप करत असतील तर अक्षरं नीट मिसळतात, भांडण होत नाही, पण एकजण टाइप करतोय आणि दुसऱ्याने ती चौकटच उडवली तर टाइप केलेलं पण गेलं. हे आमच्याकडे झालंय, बायकोने आणि मी एकाच घरात बसून केलंय, ती पण शिक्षिका आहे, जास्त लिहीत नाही.

कमेंटसाठी जो शब्द किंवा चित्र आहे ते निवडा आणि कंट्रोल ऑल्ट एम. कमेंटमध्ये ॲट द रेटचं चिन्ह टाकून त्यांचा मेल पत्ता लिहिला की त्यांना मेल जातो, आणि खाली असाइनची टिक केली तर ते काम त्यांच्या नावावर लागतं, ते झालं म्हणेपर्यंत तसंच राहतं. केंद्रप्रमुखांनी "हा मुद्दा आकडेवारीसह मांडावा" लिहिलं की ते ज्याचं त्याच्या नावाने टाकायचं, आपण मध्ये पोस्टमन व्हायचं नाही.

फॉन्ट, मराठीवाल्यांचं खरं दुखणं

पाच जणांनी पाच फॉन्ट वापरले की पीपीटी यात्रेतल्या बोर्डासारखी दिसते. फॉन्ट आधी एकाने ठरवायचा, व्ह्यू मध्ये थीम बिल्डर आहे तिथे शीर्षकाचा आणि मजकुराचा फॉन्ट एकदाच बदलला की सगळ्या स्लाइडना लागू होतो (हे लॅपटॉपवरच करा, मोबाईलवर याच्या नादी लागू नका). आणि बाकीच्यांनी नवीन टेक्स्ट बॉक्स काढायचे नाहीत, लेआउटमध्ये जी चौकट आधीच आहे तिच्यातच लिहायचं, तरच ते लागू होतं.

कुठला फॉन्ट? फॉन्टच्या यादीत वर मोअर फॉन्ट्स आहे, तिथे स्क्रिप्ट देवनागरी निवडा. मुक्त आणि बलू २ हे दोन्ही मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेले आहेत, मुक्त मजकुराला छान, बलू शीर्षकाला, जरा गोलमटोल आहे, पहिली-दुसरीच्या स्लाइडला शोभतो. पण पहिलीला शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, दंडाचा ल आणि गाठीचा श. आपण मुलांना शिकवतो पाकळीचा ल आणि देठाचा श, आणि २०२२ च्या शासन निर्णयातही तेच सांगितलंय. स्लाइडवर वेगळा आणि पुस्तकात वेगळा ल दाखवून वर पोरांना चूक द्यायची हे बरं दिसत नाही. अक्षरओळखीच्या स्लाइडसाठी टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट घ्या, तो हिंदी, मराठी, संस्कृत असा वेगवेगळा येतो, त्यातला मराठीवाला निवडायचा, अक्षरं आपल्या वळणाची येतात.

जुन्या फाईलींचा त्रास वेगळाच. श्रीलिपी, कृतीदेव, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्रक कॉपी करून स्लाइडवर पेस्ट केलं की कंस, चिन्हं, इंग्रजी अक्षरं असलं काहीतरी विचित्र उमटतं. कारण त्या फॉन्टमध्ये आत अक्षरं वेगळीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो, मुखवटा काढला की खरं तोंड दिसतं. कन्व्हर्टर मिळतात नेटवर, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, त्यामुळे पान-दीड पान असेल तर सरळ बोलून टाइप करा. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर माईक दाबून बोललं की बऱ्यापैकी येतं. फक्त "दुसऱ्या", "सुधारणाऱ्या" असले शब्द नजरेखालून घाला, तिथे र चा रफार होऊन य वर चढतो आणि "दुसर्या" होतं आणि मग प्रोजेक्टरवर ते एवढं मोठं दिसतं की मराठीचे सर तेवढंच बघत बसतात.

अक्षराचा आकार २४ च्या खाली आणू नका. वर्गात पडदे नसतात, दुपारचं ऊन भिंतीवर येतं, शेवटच्या बाकावरून १४ साईझचा परिच्छेद कोणाला दिसणार.

फोटो, व्हिडिओ, निकालाचे आकडे

फोटो मोबाईलवरून थेट टाकता येतात, इन्सर्ट, इमेज, गॅलरी. एक फोटो ५० एमबीच्या आत आणि २५ मेगापिक्सेलपर्यंतच चालतो, त्यामुळे नव्या फोनमधला पूर्ण रिझोल्यूशनचा, ५० किंवा १०८ मेगापिक्सेलवाला फोटो तो घेत नाही आणि का घेत नाही ते पटकन कळत नाही. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून परत घेतला की लहान होतो, देशी उपाय आहे पण चालतो.

मुलांचे फोटो टाकताना मात्र हात आखडता घ्या. नाव, इयत्ता, गुण आणि चेहरा एकाच स्लाइडवर नको. आधार नंबर, पालकांचे मोबाईल असलेल्या यादीचा स्क्रीनशॉट तर अजिबात नको, मी तो बघितलाय एका पीपीटीत, मागे सरकलेल्या चित्राखाली दडलेला. चित्राखाली झाकलं म्हणजे गेलं असं नसतं, चित्र सरकवलं की दिसतं. क्रॉप केलेलंही तसंच, कापलेला भाग आत असतोच, एडिटर तो परत ओढून बघू शकतो. फोटो आधी फोनवर कापा, मग टाका.

व्हिडिओ यूट्यूबचा टाका किंवा ड्राइव्हमधला. ड्राइव्हमधला टाकला तर त्या व्हिडिओला वेगळी परवानगी द्यावी लागते, पीपीटी शेअर केली म्हणून व्हिडिओ आपोआप शेअर होत नाही. परिषदेत सगळ्यांसमोर काळ्या चौकटीत परवानगी मागा असा निरोप येतो आणि ज्यांनी द्यायची ते त्या दिवशी किरकोळ रजेवर असतात.

पायाभूत चाचणीचे आकडे असतील तर चित्र काढून चिकटवू नका. गुगल शीट्समध्ये शाळानिहाय तक्ता करा, तिथे चार्ट बनवा आणि स्लाइड्समध्ये इन्सर्ट, चार्ट, फ्रॉम शीट्स. मग एखाद्या शाळेचा आकडा उशिरा आला, आणि तो येतोच उशिरा, तर शीटमध्ये बदलायचा, इकडे चार्टवर अपडेट बटण दिसतं ते दाबायचं. आमच्या बारा शाळांपैकी दोन शाळांचे आकडे परिषदेच्या दिवशी सकाळी नऊला आले, सव्वानऊला चार्ट बरोबर होता. हे जुन्या पद्धतीत केलं असतं तर परत "अंतिम दुरुस्त ३".

सगळं उडालं तर

उडतं. आमचं रात्री नऊला उडालं. एक सर मोबाईलवर स्वतःची एक जास्तीची स्लाइड काढायला गेले, बोट दाबून धरलं, कशा काय त्या सगळ्या निवडल्या गेल्या देव जाणे, आणि २२ स्लाइडच्या राहिल्या ३. ग्रुपवर एकदम शांतता, मग एकदम आठ मेसेज. एका मॅडमनी कंट्रोल झेड दाबून बघितलं, पण त्याने फक्त स्वतः केलेले बदल मागे जातात, दुसऱ्याने केलेले नाही, त्यामुळे उलट त्यांचीच शेवटची ओळ गेली.

अशा वेळी सगळ्यांना सांगायचं हात काढा, पाच मिनिटं कोणी काही टाइप करू नका. मग ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्या एकाने फाईल, व्हर्जन हिस्टरी, सी व्हर्जन हिस्टरी. उजवीकडे वेळेप्रमाणे यादी येते आणि प्रत्येकासमोर कोणी बदल केला त्याचं नाव, रंगासकट. आठ चाळीसवर क्लिक केलं, २२ स्लाइड जशाच्या तशा, वर रिस्टोअर धीस व्हर्जन, झालं. दीड मिनिट. आधीच्या वीस मिनिटांत जो काही कल्लोळ झाला त्याला काही अर्थच नव्हता.

मध्ये बराच वेळ गेला असेल आणि त्यानंतरही लोकांनी चांगलं काम केलं असेल तर मात्र सरळ रिस्टोअर करू नका, ते नंतरचं काम मागे पडतं. (तेही हिस्टरीत राहतं, पण परत शोधाशोध.) त्याऐवजी त्या जुन्या व्हर्जनसमोरच्या तीन ठिपक्यांतून मेक अ कॉपी करा, आणि मग चालू फाईलमध्ये फाईल, इम्पोर्ट स्लाइड्स करून हव्या तेवढ्याच स्लाइड त्या कॉपीतून उचला.

आणि हो, नाव दिसतं म्हणून ते ग्रुपवर टाकायचं नाही. त्या सरांना मी वेगळा फोन केला. ते आता परिषदेत सगळ्यात आधी स्लाइड पूर्ण करतात आणि मला विचारून मगच काही डिलीट करतात, एवढंही नको खरं तर.

काम एका टप्प्यावर आलं की तिथेच व्हर्जन हिस्टरीत नेम करंट व्हर्जन करून नाव द्या, "केंद्रप्रमुखांनी पाहिलेली" असं. मग परत यायला सोपं.

परिषदेच्या दिवशी

नेट असेल असं धरून चालू नका, लाईट असेल असंही नको. आदल्या रात्री तीन गोष्टी करा. ज्या लॅपटॉपवर दाखवणार त्यावर क्रोममध्ये लॉगिन करून फाईल मेनूतून मेक अव्हेलेबल ऑफलाइन (त्याला गुगल डॉक्स ऑफलाइन हे छोटं एक्स्टेन्शन लागतं, तो स्वतःच मागतो). फोनवरच्या ॲपमध्येही तीन ठिपक्यांतून तेच. आणि फाईल, डाउनलोड, पीडीएफ करून एक प्रत पेन ड्राइव्हवर, हो, परत पेन ड्राइव्ह, पण आता फक्त स्टेपनी म्हणून.

पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटची फाईल) डाउनलोड करून शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडायचा विचार असेल तर थांबा. त्या कॉम्प्युटरवर मुक्त किंवा बलू फॉन्ट नसतो, मग पॉवरपॉइंट दुसराच फॉन्ट लावतं, ओळी तुटतात, शेवटची ओळ चौकटीबाहेर लोंबकळते. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसून येतो, दिसायचं तसंच दिसतं, फक्त ॲनिमेशन आणि व्हिडिओ जातात. चालतंय.

दाखवताना स्लाइडशो बटणाशेजारच्या बाणातून प्रेझेंटर व्ह्यू घ्या, तुमच्या स्क्रीनवर टिपणं आणि घड्याळ दिसतं, भिंतीवर फक्त स्लाइड, पण त्यासाठी लॅपटॉपचं डिस्प्ले सेटिंग डुप्लिकेट नको, एक्स्टेंड पाहिजे. एल दाबलं की लाल ठिपका, बी दाबलं की स्क्रीन काळी, चर्चा चालू असताना लोकांनी भिंतीकडे बघत बसू नये म्हणून हे फार कामाचं. कुठल्या स्लाइडवर उडी मारायची तर तिचा नंबर दाबून एंटर.

त्या प्रेझेंटर व्ह्यूमध्येच ऑडियन्स टूल्स आहे, तिथे प्रश्नोत्तरं सुरू केली की भिंतीवर वर एक छोटी लिंक येते, समोरचे मोबाईलवरून प्रश्न लिहितात, एकमेकांच्या प्रश्नाला मत देतात, आणि नाव न सांगताही विचारता येतं. आमच्याकडे पहिल्यांदा चालू केलं तेव्हा एरवी तोंड न उघडणाऱ्या नव्या शिक्षणसेवकांकडूनच प्रश्न आले. एक प्रश्न चहा कधी येणार असाही होता आणि त्याला सगळ्यात जास्त मतं पडली.

टिपणांचं एक लक्षात ठेवा, स्पीकर नोट्समध्ये लिहिलेलं लिंकवाल्या व्ह्यूअरलाही दिसतं. "इथे विस्तार अधिकारी साहेब बोलू लागले तर लवकर आवरायला सांगणे" असलं तिथे लिहू नका. लिहिलं होतं एकाने.

दुसरी सॉफ्टवेअर विचारतात म्हणून थोडक्यात. कॅनव्हा दिसायला सुंदर, तयार डिझाइन भरपूर, आणि शिक्षकांना पडताळणी केल्यावर त्यांचं शिक्षणाचं खातं फुकट मिळतं, पोस्टर आणि प्रमाणपत्रासाठी मी तेच वापरतो. पॉवरपॉइंटचं वेबवरचं रूपही फुकट आहे, वरून कार्यालयाने पीपीटीएक्सच मागितली असेल तर तिथेच सगळ्यांनी मिळून करा, फॉन्टची उलथापालथ कमी होते. चेन्नईच्या झोहोचं झोहो शो पण चांगलं आहे. पण आमच्या पाचही जणांकडे जीमेल आधीपासून होतं आणि नवीन खातं, नवीन पासवर्ड म्हटलं की निम्मे तिथेच गळतात, म्हणून आम्ही स्लाइड्सवर.

परिषद झाली की दोन मिनिटं काढून सगळ्यांना एडिटरवरून व्ह्यूअर करा. मग ज्यांना स्वतःच्या शाळेत वापरायची त्यांच्यासाठी लिंक अशी द्या: लिंकच्या शेवटी इंग्रजीत एडिट असं असतं, त्या शब्दापासून पुढचं सगळं खोडून तिथे इंग्रजीत कॉपी लिहा. ती लिंक दाबली की समोरच्याला थेट स्वतःची प्रत बनवायचं बटण येतं, आपली मूळ फाईल तशीच राहते.

आणि पुढच्या महिन्याची फाईल कोऱ्यापासून करू नका, फाईल मध्ये मेक अ कॉपी, नावात महिना बदलायचा, जुना मजकूर काढायचा, फॉन्ट आणि लेआउट तयारच असतं, कामवाटपाच्या तक्त्यातली नावं तेवढी पुसायची. आमची सप्टेंबरची परवाच उघडलीय. चार जणांनी विषय घेतले, अध्ययन निष्पत्तीच्या ओळीसमोर अजून कोणी नाव टाकलेलं नाही.